दहा महिने, चाइल्ड सीट आणि ती एक तंगडी

डिसेंबरात घेतलेल्या हायब्रीड सायकलीबद्दल आणि तिच्या मागे बसवलेल्या चाइल्ड सीटबद्दल लिहायचं राहूनच गेलं होतं. परवा गोव्यातल्या म्हापशात ओळखीच्या एका मुलाने विचारलं, "दादा, घेऊ का तीच?" तर म्हणे मी पाऊण तास फक्त स्टँडबद्दल बोलत होतो. असं बायको म्हणते. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

21 गिअर, डिस्क ब्रेक, ॲल्युमिनियमची फ्रेम, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. माझं दुखणं वेगळं. या सायकलींना स्टँड म्हणून एकच तिरकी तंगडी देतात. सीट कॅरियरवर, म्हणजे चाकाच्याही वर, आणि त्यात चार वर्षांची, 14 किलोची मुलगी. तंगडी डावीकडे, मुलगी उजवीकडे वाकून कुत्रा बघणार. हँडल गर्रकन वळतं, पुढचं चाक सरकतं आणि सायकल लोळण घेते. सीटवर 22 किलोपर्यंत चालेल असं छापलंय. त्या 22 किलोंना उभं कोण धरणार, ते कुठेच छापलेलं नाही.

एप्रिलात वाळपईला मावशीकडे चार दिवस राहिलो. नाशिकला लोक द्राक्षमळे बघत सायकली हाणतात, तर आपण काजूच्या बागा का बघू नयेत, ही कल्पना माझीच. माझी आणि थोरल्याची सायकल पिकअपमध्ये टाकून नेली, बायकोने मावशीची जुनी लेडीज सायकल घेतली. सकाळी साडेसहाला निघून नगरगावच्या बाजूला. त्या दिवसांत भाटीचा, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्टीचा, पत्ता कुणाला विचारावा लागत नाही, आंबूस वासामागे नाक नेईल तिकडे जायचं. चढाला गिअर कामाला आले, हे कबूल. लेडीज सायकल मात्र चढाला हातात धरूनच न्यावी लागली.

एका भाटीवर थांबलो. खाली पडलेले बोंडू, म्हणजे काजूची फळं, दगडी कुंडीत पायाने तुडवत होते. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने गुंडाळून त्यावर मोठा धोंडा ठेवलेला, आणि खालून थेंब थेंब गळत होता तो निरो, म्हणजे न आंबवलेला गोड रस. तिथल्या काकींनी मुलीच्या हातात पेला दिला, "घे गो बाये, पयशे नाकात." म्हणजे पैसे नकोत. मुलगी पेला चाटूनपुसून मोकळी. थोरल्याला सगळं समजून घ्यायचं होतं. काकांनी सांगितलं, तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवायचा, एकदा गाळला की हुर्राक, तोच परत गाळला की फेणी. फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, ती वर्षानुवर्षं बाटलीत टिकते. हुर्राकाचं तसं नाही, तो त्याच हंगामात संपवायचा. म्हणून दोन बाटल्या घेतल्या. प्यायच्या मावशीकडे पोचल्यावर, मागे मूल बसवून तसला प्रयोग मी करत नाही.

बाटल्या पिशवीत, पिशवी हँडलला. बायकोने मुलीचा पट्टा सोडून तिला उचललं आणि पुढच्याच क्षणाला तंगडी लाल भुसभुशीत मातीत रुतली. सायकल आडवी, एक बाटली फुटली, दुसरीचं बूच उडालं. 400 रुपये मातीत. काका शांतपणे म्हणाले, "जमनीक तान लागिल्ली." म्हणजे जमिनीला तहान लागली होती. मग एक बाटली परत भरून दिली. पैसे घेतले, अर्थात. आणि मावशीची लेडीज सायकल कॅरियरच्या लोखंडी स्टँडवर बाजूलाच उभी होती, देवळातल्या समईसारखी, ढिम्म.

स्टँडचा सांधा वाकला तो वाकलाच. दुकानदार म्हणाला, स्टँड वॉरंटीत येत नाही. कंपनीला मेल केला, आठ दिवसांनी उत्तर आलं: उभ्या सायकलीवर सीटमध्ये मूल बसवून ठेवू नये. प्रामाणिकपणे सांगतो, नियम बरोबर आहे, सीटच्या पुस्तिकेतही तोच लिहिलाय. पण एकट्या माणसाने मूल सीटवर चढवायचं, पट्टा लावायचा आणि सायकलही धरायची, तर तिसरा हात आणायचा कुठून? वर तसलंच नवीन स्टँड 480 रुपयांना देऊ केलं. मी सायकल विकायचीच ठरवली होती. फोटोही काढले होते.

फोटो टाकायच्या आधी डिचोलीत एका जुन्या सायकलवाल्याकडे गेलो. वेल्डिंग करा म्हटलं तर माझ्याकडे बघून हसला, ॲल्युमिनियमला साधं वेल्डिंग जमत नाही. पेडलच्या मागे बोल्टने बसणारा दोन पायांचा स्टँड त्याने काढला. पाय लांब होते, ते हेक्सॉने कापून मागचं चाक जमिनीपासून बोटभर वर राहील असे केले. फ्रेमला पट्टी लागते तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा घातला. "जास्त आवळू नका, नळी चेपते," हे दोनदा सांगितलं. शिवाय ब्रेकच्या दांड्याला त्याच ट्यूबची रिंग: उभी करताना ती ओढून लावली की पुढचं चाक जागचं हलत नाही. स्टँड 650, मजुरी 50. रिंग फुकट.

तेव्हापासून एकदाही पडलेली नाही. मूल ठेवून मी बाजूला जात नाही, पण पट्टा लावायला आता दोन्ही हात मोकळे असतात. रविवारी जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जातो, सायकलीला तिकीट नाही आणि बेटावर रस्ता बराचसा सपाट. बोटीत मात्र स्टँडवर भरवसा नको, हातानेच धरा.

बाकी किरकोळ. पावसाळ्यात सीटच्या गादीला बुरशी आली, काढून उन्हात टाकली. लाल चिखलाने डिस्क ब्रेक कुईकुई करतात. सीटचा पट्टा चांगला आहे. विकायचा विचार सोडला, फोटोही डिलीट केले.

मार्चमध्ये पुन्हा वाळपई. या वेळी बाटल्या लेडीज सायकलीला, हे बायकोनेच ठरवलंय.