रिटर्न मस्त भरून दिलं, पण वरच्या माळ्यावर जाऊ नका (साडेतीन स्टार)

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका गल्लीतलं टॅक्सवाल्यांचं ऑफिस आहे, नाव मुद्दाम नाही लिहीत कारण खालच्या काउंटरवरच्या मॅडमचं काम एक नंबर आहे अन् त्यांचं नुकसान मला करायचं नाही.

पगार 11 लाख 40 हजार, आर्थिक वर्ष 2024-25. कंपनीनं नव्या रिजीमनं (म्हणजे टॅक्सची नवी पद्धत, दर कमी पण वजावटी जवळपास नाहीत) 62,140 टॅक्स कापून ठेवला होता, मला वाटलं संपला विषय. मॅडमनी होम लोनच्या व्याजाचं सर्टिफिकेट मागितलं, म्हटलं आता त्याचा काय उपयोग, तर म्हणे जुन्या रिजीममध्ये वजावटी मिळतात, लावून तर पाहू. व्याज 2 लाख, 80सीचे (पीएफ, विमा असल्या बचतीचे) दीड लाख, मेडिक्लेमचे 25 हजार, प्रोफेशनल टॅक्सचे अडीच हजार, सगळं वजा करून जुन्यात टॅक्स निघाला 57,200. म्हणजे 4,940 परत, अन् यांची फी 800. वर हेही सांगितलं की पुढच्या वर्षी जुन्याच्या भानगडीत पडू नका, पगारवाल्यांना पावणेतेरा लाखापर्यंत नव्यात टॅक्सच नाही. स्वतःचं काम कमी करणारा सल्ला कोण देतं आजकाल!

आता वरचा माळा. "सर, फ्री वेल्थ रिव्ह्यू आहे, दहाच मिनिटं" म्हणून नेलं. एसी, पाण्याची बाटली, अन् टाय घातलेला एक पोरगा लॅपटॉप माझ्याकडे फिरवून म्हणतो, सर तुम्ही देशातल्या टॉप 10 टक्क्यांत आहात पण तुमचा पोर्टफोलिओ तसा दिसत नाही. खरं सांगतो, दोन मिनिटं छाती फुगली. मग म्हणे टॉप 1 टक्क्यात जायचं तर वर्षाला 53 लाख लागतात, त्यासाठी आमचा प्लॅन, महिन्याला 15 हजार, 20 वर्षं. 15 हजार भरून 53 लाखाची कमाई कशी होते ते काही त्याला सांगता आलं नाही.

घरी येऊन शोधलं. ते 53 लाख खोटे नाहीत पण ती एन्ट्रीची लाइन नाहीच. वर्ल्ड इनिक्वालिटी लॅब म्हणून विषमतेवर संशोधन करणारी संस्था आहे, तिचा मार्च 2024 चा पेपर आहे, 2022-23 चे आकडे, त्यात वरच्या 1 टक्क्यात शिरायला साधारण 20.7 लाख लागतात अन् 53 लाख ही आत बसलेल्यांची सरासरी आहे. सरासरी एवढी फुगते कारण अगदी टोकावरच्या दहा हजार लोकांची सरासरी कमाईच 48 कोटी. अन् ज्या टॉप 10 वर माझी छाती फुगली ना, तिथली लाइन आहे 2 लाख 90 हजार, वर्षाला! पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेनं मे 2022 मध्ये काढलेल्या अहवालातही तेच, महिन्याला 25 हजार पगार म्हणजे पगारदारांतले वरचे 10 टक्के.

आमच्या पोरीच्या स्कूल व्हॅनवाल्या भाऊंना हे सांगितलं, त्यांचे महिन्याचे तेवढे सुटतात. ते म्हणाले, "बाप्पा! मंग मी बी टॉपमंदी आहो? अन् व्हॅनची किस्त तं फिटूनच नाही राहिली." आता ह्यांनाही त्या पोरानं वर नेऊन तोच चार्ट दाखवला असता का, मला शंका आहे.

बाकी पार्किंग नाही, गाडी मेन रोडला लावून चालत या, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तर जाऊच नका, जिन्यापर्यंत लाइन असते. चहा विचारतात, येत नाही.

दीड स्टार वरच्या माळ्यासाठी कापला. त्या पोराला मी व्हॉट्सअ‍ॅपवर 20.7 लाखाचा आकडा पाठवला होता, ब्लू टिक आली, उत्तर नाही, अन् दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या फुलासकट "गुड मॉर्निंग सर, प्लॅनबद्दल काय ठरलं?"