अर्ध्या किमतीत डायमंड: मानेवाड्यातल्या एका घराचे 26,778 रुपये कसे गेले

घरातला मुलगा फ्री फायर मॅक्स किंवा बीजीएमआय हे मोबाइल गेम खेळत असेल, तर इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवरून ‘अर्ध्या किमतीत टॉप-अप’चा, म्हणजे गेमच्या रिचार्जचा, मेसेज कधी ना कधी त्याच्यापर्यंत येतोच. नागपुरात मानेवाडा भागातल्या एका घरात तो आला आणि एका दुपारीत 26,778 रुपये गेले. मुलगा आठवीतला, फोन आईचा. ही पद्धत ठरलेली असते. बदलतात ती फक्त नावं आणि क्यूआर कोड. म्हणून प्रत्येक पायरी क्रमाने लिहीत आहोत.

पहिली पायरी ठगाची नाही, गेमचीच आहे. असे गेम डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत, खेळायलाही नाहीत. कमाई होते ती पात्राचे कपडे, बंदुकीचे स्किन (रंगरूप), इमोट (नाच-हावभाव) आणि महिन्याच्या पासवर. पण या वस्तूंवर रुपयांत किंमत लिहिलेली नसते. आधी रुपयांचे डायमंड किंवा यूसी, म्हणजे गेममधलं चलन, घ्यायचे, मग त्यांतून वस्तू. पॅकही असे बांधलेले असतात की हिशेब कधी पुरा जुळत नाही. वस्तू 599 डायमंडची आणि पॅक 520 चा असेल तर दुसरा पॅक घ्यावाच लागतो. मग काही डायमंड उरतात, आणि ते उरलेले डायमंड पुढच्या खरेदीचं कारण होतात.

त्यावर बक्षिसांचं चाक, डायमंड देऊन फिरवायचं. दहा बक्षिसांतून नको असलेली दोन काढायची, उरलेल्या आठांवर फिरवायचं. एकदा मिळालेलं बक्षीस पुन्हा येत नाही, म्हणून मुलांना हे चाक न्याय्य वाटतं. आता दर बघा: पहिली फेरी 9 डायमंड, मग 19, 39, 69, 99, 149, 199 आणि आठवी 499. बेरीज 1,082. सात फेऱ्यांत 583 डायमंड गेलेले असतात आणि हवा तो ड्रेस अजून चाकावरच असतो. बाजूला घड्याळ उलटं चालू असतं, ‘ऑफर संपायला 5 तास’. या मुलाचं अगदी हेच झालं. वाढदिवसाच्या पैशांतून घेतलेले डायमंड सातव्या फेरीत संपले, आणि त्याला 499 हवे होते, त्याच दिवशी.

ज्या चाकात बक्षीस पुन्हापुन्हा येऊ शकतं, ते याहून वाईट. शक्यता 1 टक्का असेल तर शंभर वेळा फिरवल्यावर वस्तू मिळेलच असं मुलं धरून चालतात. प्रत्यक्षात शंभर फेऱ्यांनंतरही दर शंभरातल्या साधारण 37 मुलांच्या हाती काहीच लागत नाही, कारण प्रत्येक फेरी नव्याने 1 टक्क्यापासूनच सुरू होते. गूगल प्ले आणि अ‍ॅपल दोघांनीही विकत घ्यायच्या अशा नशिबावरच्या बक्षिसांची शक्यता आधी दाखवणं सक्तीचं केलेलं आहे. ती छोट्या ‘आय’ किंवा प्रश्नचिन्हाच्या बटणाखाली असते. मुलाला शेजारी बसवून ते पान एकदा उघडून दाखवा. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी आणली. पण डायमंड परत रोखीत मिळत नाहीत, त्यामुळे ही चाकंही त्या व्याख्येत येतात असं धरून चालता येत नाही. सरकार बघून घेईल म्हणून निर्धास्त राहू नका.

आता विक्रेता. त्याने आधी फक्त यूआयडी मागितली. यूआयडी म्हणजे खेळाडूचा गेममधला उघड क्रमांक, तो देण्यात धोका नाही. 100 रुपये क्यूआरवर घेतले आणि दहा मिनिटांत खात्यात खरंच डायमंड आले, दिलेल्या पैशांपेक्षा जास्तीचे. हा तोटा ठग जाणूनबुजून सोसतो. फसवणुकीतला सगळ्यात परिणामकारक भाग हाच, कारण यानंतर मुलगा स्वतःच मित्रांना सांगतो की बंदा जेन्युइन आहे.

दुसरी मागणी 999 ची, मोठ्या पॅकसाठी. पैसे गेले, डायमंड नाहीत. ‘भाऊ, टेन्शन नको घेऊ, पेमेंट होल्डवर आहे. तेवढीच रक्कम परत पाठव, दोन्ही रिफंड होतील.’ आणखी 999 गेले. मग जीएसटीचे म्हणून 180. यूपीआयमध्ये ‘होल्ड सोडवायला पुन्हा पैसे पाठवा’ असा प्रकारच नसतो. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवायला किंवा शिल्लक बघायला. पण पिन आईने भाजीवाल्याला पैसे देताना मुलाला सांगून ठेवलेला होता.

खरा घाव तिसऱ्या पायरीला बसला. ‘रिफंडसाठी व्हेरिफिकेशन’ म्हणून डेबिट कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागवले आणि एक एपीके फाइल, म्हणजे थेट फोनवर अ‍ॅप टाकायची फाइल, पाठवली, नाव ‘टॉप-अप टूल’. प्ले स्टोअरबाहेरचं अ‍ॅप घेताना फोनने इशारा दिला, मुलाने ‘अलाउ’ दाबलं. अ‍ॅपने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही मिळाली. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे फोटोत होतेच. ओटीपी कोणी तोंडाने सांगितला नाही. तो अ‍ॅपनेच पुढे पाठवला. कार्डावरून 24,500 ची गिफ्ट व्हाउचर घेतली गेली. शेवटी ‘डायमंड टाकायला’ गेमचं लॉगिनही मागून घेतलं आणि पासवर्ड बदलला.

डायमंड खरंच स्वस्त देणारेही असतात, पण त्यातही सापळा आहे. तो माल बऱ्याचदा चोरलेल्या कार्डांवरून घेतलेला असतो, किंवा घेऊन झाल्यावर रिफंड मागितलेला. कार्डाच्या मालकाने तक्रार केली की गेम कंपनीकडून पैसे परत जातात, आणि डायमंड ज्याच्या खात्यात पडले त्याची शिल्लक उणे होते किंवा खातं बंद पडतं. आयडी-पास टॉप-अप, म्हणजे लॉगिन देऊन भरलेला टॉप-अप, तर कधीच करू नये. तयार खातं विकत घेण्याचंही तसंच. मूळ मालकाकडे पहिला ईमेल आणि जुन्या खरेदीच्या पावत्या असतात. पैसे घेऊन झाले की तो त्याच आधारावर खातं परत मिळवतो.

या घरात पैशांइतकंच नुकसान वेळेचं झालं. मुलाने भीतीने चॅट डिलीट केली आणि रात्रीपर्यंत गप्प राहिला. वडिलांचा पहिला प्रश्न ‘काहून केलं असं?’ हाच असणार, हे त्याला माहीत होतं. मग वडिलांनी इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावला, तोही बनावट निघाला. त्याने रिमोट अ‍ॅप, म्हणजे दुरून आपला फोन चालवू देणारं अ‍ॅप, घ्यायला सांगितलं तेव्हा मात्र वडिलांनी फोन ठेवला. 1930 वर तक्रार दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. तोवर व्हाउचर वापरून झाली होती. मुलाला आजच सांगून ठेवा: फसलास तर त्याच मिनिटाला सांग, रागावणार नाही. आणि हा शब्द पाळा, कारण पुढचं सगळं त्या मिनिटांवर चालतं.

असं घडलं तर आधी त्या फोनचं नेट बंद करा आणि बाकी सगळं दुसऱ्या फोनवरून करा. कार्डाच्या मागे छापलेल्या बँकेच्या क्रमांकावर फोन करून कार्ड आणि यूपीआय दोन्ही बंद करायला सांगा. तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून घ्या. लगेच 1930. ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला ते गोठवायला इथूनच कळवलं जातं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात हलवले जातात, म्हणून सोमवारी शाखा उघडायची वाट बघू नका. फोन करताना प्रत्येक यूपीआय व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, समोरचा पूर्ण यूपीआय आयडी, रक्कम आणि वेळ हाताशी हवी. व्हाउचर कोणत्या कंपनीचं हे एसएमएसमधून कळत असेल तर त्यांनाही तेव्हाच कळवा; न वापरलेलं व्हाउचर थांबवता येऊ शकतं. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार आणि तिची पावती घेऊन सायबर पोलीस ठाणं. चॅट डिलीट करू नका, स्क्रीनशॉट घ्या. पुरावे जमा झाल्यावर आणि पोलिसांना विचारूनच फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा करा.

बँकेशी बोलताना रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात घालून दिलेला नियम माहीत असू द्या. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहाराची तक्रार तीन कामकाजाच्या दिवसांत केली तर ग्राहकावर भार येत नाही. पण पिन किंवा कार्डाचा तपशील स्वतःहून दिला असेल तर तक्रारीपर्यंतचा तोटा ग्राहकाचा आणि तक्रारीनंतरचा बँकेचा. या घरात बँकेने नेमकं हेच कलम पुढे केलं. तक्रारीची वेळ लेखी मिळवा म्हणतो ते यासाठी.

मुलाने फसवणुकीशिवाय, प्ले स्टोअरवरूनच खरेदी केली असेल तर मार्ग वेगळा आहे. गूगल प्लेवर 48 तासांच्या आत रिफंडची विनंती करा. ऑर्डर क्रमांक ईमेलमधल्या पावतीवर असतो. रिफंड मिळाला की वस्तू आणि डायमंड जातात, हे मुलाला आधीच सांगा.

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत उघडत नाहीत आणि उन्हात पोरं घरात फोनवरच असतात, तेव्हा सुट्टी लागण्याआधी एवढं करून टाका. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. मुलाच्या फिंगरप्रिंटने फोन उघडत असेल तर त्याच फिंगरप्रिंटने खरेदीही होईल, म्हणून तो काढा. लहान मुलासाठी गूगलच्या फॅमिली लिंकवर वेगळं खातं उघडा आणि प्रत्येक खरेदीला पालकाची मंजुरी ठेवा. बँकेच्या अ‍ॅपमधून डेबिट कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद ठेवा. लागतील तेव्हा पाच मिनिटांपुरते सुरू करा. मुलाच्या हाती जाणाऱ्या फोनवरचं यूपीआय हजार-दोन हजार शिल्लक असलेल्या वेगळ्या खात्याला जोडा आणि पिन बदला. यूपीआय लाइटला छोट्या रकमांसाठी पिन लागतच नाही, त्या फोनवर ते बंद करा. गेमचं खातं गेस्ट म्हणून, म्हणजे कशालाही न जोडता, ठेवू नका, पालकाच्या ईमेलला जोडा. डायमंड घ्यायचेच असतील तर गेमच्या आतून घ्या, महिन्याची रक्कम रुपयांत आधी ठरवून.