पर्यटक कराची वसुली: लहान गेस्ट हाउसच्या काउंटरवरून

पर्यटक कर भरतो पाहुणा, ठरवते नगरपालिका आणि गोळा करतो काउंटरवरचा माणूस. तो असावा की नसावा यावरची भांडणं चालूच राहतील. इथे परीक्षण केलंय ते वसुलीच्या पद्धतींचं, एखादी सेवा विकत घेताना तपासावी तसं. गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांसमोर आहे पाच-सात खोल्यांचं गेस्ट हाउस: रिसेप्शन, चादरी आणि नाश्ता घरचीच दोन माणसं सांभाळतात, हिशेबनीस महिन्यातून एकदा फिरकतो. मोठ्या हॉटेलात हे काम सॉफ्टवेअर करतं, इथे ते रात्री दहानंतर वही उघडून होतं.

सुरुवात एडिंबरापासून, कारण नियम बारकाईने लिहिलेत आणि डोकेदुखीही त्याच बारकाव्यांत आहे. स्कॉटलंडने २०२४ मध्ये पर्यटक कराचा कायदा केला. एडिंबराचा दर ५ टक्के, सलग मुक्कामाच्या पहिल्या पाच रात्रींपुरता. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांना तो लागू, पण १ ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या बुकिंगनाच. म्हणजे सुरुवातीचे काही महिने एकाच जिन्यावर कर लागणारा आणि न लागणारा असे दोन्ही पाहुणे भेटणार. बुकिंगची तारीख बिलावर छापलेली नसेल तर तपासणीच्या वेळी हा फरक दाखवता येत नाही. निर्णय आणि अंमल यांच्यात किमान १८ महिने ठेवायची अट कायद्यातच घातली आहे, ही मात्र मोलाची गोष्ट. लहान धंद्याचे पुढच्या हंगामाचे दर आधीच जाहीर झालेले असतात. मध्येच कर आला तर तो मालकाच्या खिशातून जातो.

टक्केवारी दिसायला न्याय्य आहे, स्वस्त खोलीला कमी आणि महागड्या खोलीला जास्त. अडचण येते ती टक्के कशावर काढायचे तिथे. एडिंबरात कर फक्त राहण्याच्या पैशांवर आहे, नाश्ता, पार्किंग वगैरे वगळून, व्हॅट लावण्याआधीच्या रकमेवर. मोठं हॉटेल नाश्ता मुळातच वेगळा विकतं. लहान घरगुती ठिकाणी मात्र ‘नाश्त्यासह खोली’ हाच माल असतो. समजा दोघांची खोली नाश्त्यासह १०० पौंडांना दिली आणि नाश्त्याचे २४ धरले, तर कर ७६ वर लागेल, म्हणजे ३ पौंड ८० पेन्स. फोड केली नाही तर पाहुण्याकडून ५ पौंड घेतले जातात आणि तुमची खोली शेजारच्यापेक्षा उगाच महाग दिसते. ही फोड मनाला येईल तशी करून चालत नाही. बाहेरून फक्त नाश्त्याला येणाऱ्या माणसाला जो भाव सांगाल तोच इथे धरा, आणि तो कसा काढला हे एका कागदावर लिहून फाइलला लावून ठेवा. वर्षभर तोच आकडा चालवा.

खरा धोका मात्र व्हॅटमध्ये आहे आणि तो सहसा उशिरा लक्षात येतो. ब्रिटनमध्ये व्हॅट नोंदणीची मर्यादा ९०,००० पौंडांची आहे आणि वसूल केलेला पर्यटक कर व्हॅटच्या दृष्टीने विक्रीचाच भाग मानला जातो. ८७,००० पौंडांचा धंदा घ्या, सगळे मुक्काम पाच रात्रींच्या आतले आणि नाश्ता नाही असं धरा. कर झाला ४,३५० पौंड, उलाढाल दिसणार ९१,३५०. ज्या पैशाला हात लावायचा नाही त्यानेच नोंदणी गळ्यात मारली, आणि एकदा नोंदणी झाली की खोलीच्या भाड्यावरही २० टक्के व्हॅट. ही मर्यादा आर्थिक वर्षावर मोजत नाहीत. दर महिन्याच्या अखेरीला मागच्या बारा महिन्यांची बेरीज पाहावी लागते. ८०,००० ओलांडलेल्या प्रत्येकाने ही बेरीज भिंतीवर लिहून ठेवावी.

वसुलीच्या खर्चापोटी गोळा झालेल्या रकमेतले २ टक्के ठेवून घ्यायची मुभा एडिंबराने दिली आहे. १०,००० पौंड गोळा केले तर हाती २०० राहतात. कार्ड मशीनवाला दीड टक्का घेत असेल तर त्यातले १५० तिथेच गेले. उरलेल्या ५० मध्ये वर्षभराची तिमाही विवरणपत्रं, पाहुण्यांचे प्रश्न आणि रद्द झालेल्या बुकिंगचे परतावे. हा मोबदला म्हणजे निव्वळ शिष्टाचार आहे.

इटलीत बहुतेक शहरं डोकेगणिक ठरावीक रक्कम घेतात, माणशी आणि दर रात्री, निवासाच्या दर्जानुसार. काउंटरवर यापेक्षा सोपं काही नाही: माणसं गुणिले रात्री गुणिले दर, लहान मुलं वजा. भाव बदलला, सवलत दिली तरी कर तोच. पण याच सोपेपणाचा भुर्दंड स्वस्त खोलीवर पडतो. २ युरोचा कर ४० युरोच्या खोलीत दोघांवर लावला तर भाड्याचा दहावा हिस्सा होतो, ४०० युरोच्या खोलीत तो शंभरावा. दर्जानुसार पायऱ्या केल्या तरी ही दरी पुरती भरत नाही.

इटलीतली जबाबदारीची कहाणी तर प्रत्येक गेस्ट हाउसवाल्याने माहीत करून घ्यावी. २०२० पर्यंत तिथला निवासचालक या पैशांपुरता सार्वजनिक निधीचा हिशेबनीस समजला जायचा. गोळा केलेला कर वेळेत भरला नाही तर प्रकरण सरकारी पैशाच्या अपहारापर्यंत, म्हणजे थेट फौजदारीत जाऊ शकायचं. मे २०२० च्या वटहुकुमाने त्याला करभरणा करणारा जबाबदार माणूस ठरवलं आणि पाहुण्याकडून ती रक्कम मागायचा हक्क दिला. तुरुंगाची भीती गेली, पण पाहुण्याने पैसे दिले नाहीत तरी भरणा करणं तुमच्याकडेच आलं. भरणा चुकला किंवा उशिरा झाला तर २५ टक्के दंड (सप्टेंबर २०२४ च्या आधी ३० होता), वार्षिक विवरण दिलंच नाही तर करारकमेच्या १०० ते २०० टक्के. म्हणून तिथे हा कर चेक-इनलाच घ्यावा. पहाटेच्या विमानाला निघालेला पाहुणा किल्ली पेटीत टाकून गेला की मागे धावायला कोणी नसतं.

व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून दिवसभरासाठी येणाऱ्यांवर वेगळं प्रवेश शुल्क लावलं: पहिल्या वर्षी २९ दिवस, ५ युरो. २०२५ मध्ये दिवस ५४ झाले आणि उशिरा भरणाऱ्याला १० युरो. कागदावर लॉजवाल्याचा याच्याशी संबंध नाही, कारण मुक्कामी पाहुण्याला शुल्क माफ आहे. पण माफीसाठी त्यालाही पोर्टलवर नाव नोंदवून क्यूआर कोड घ्यावा लागतो, आणि तो कसा घ्यायचा हे समजावणार कोण? पुन्हा काउंटरच. यावर उपाय म्हणजे बुकिंग पक्कं झाल्याच्या निरोपातच पोर्टलची लिंक आणि चार ओळींच्या सूचना घालणं. तीच गोष्ट आल्यावर बॅगा उचलत सांगायला दसपट वेळ लागतो.

खाणावळी आणि दुकानांचा विचार या शुल्कात बरा झालाय. वेळ सकाळी ८:३० ते दुपारी ४ एवढीच, त्यामुळे संध्याकाळी जेवायला येणाऱ्याला काही भरावं लागत नाही. मुरानो, बुरानो ही बेटंही वगळलेली आहेत. ज्याचा सगळा गल्ला सकाळच्या गर्दीवर आहे अशा टपरीवाल्याला मात्र या वेळेचा काही उपयोग नाही.

ॲमस्टरडॅमबद्दल थोडक्यात. २०२३ पर्यंत तिथे ७ टक्के आणि वर माणशी ३ युरो अशी दुहेरी आकारणी होती, म्हणजे दोन्ही पद्धतींचा त्रास एकाच बिलात. २०२४ पासून सरळ १२.५ टक्के केले. हिशेब सुटसुटीत झाला, दर मात्र भारी. त्यात नेदरलँड्सने निवासावरचा व्हॅट १ जानेवारी २०२६ पासून ९ वरून २१ टक्के केला. १०० युरोच्या खोलीवर १२.५० पर्यटक कर आणि २१ व्हॅट. पाहुणा बेरीज पाहतो, आणि मालक मूळ भाडं कमी करून ती बेरीज सांभाळत बसतो. लहान धंद्याला कर लागतो तो नेमका इथे.

मँचेस्टरने यातून वेगळी वाट काढली. १ एप्रिल २०२३ पासून खोलीमागे रात्रीला १ पौंड अधिक व्हॅट, आणि तोही हॉटेलवाल्यांच्या मतदानानंतर. घरपट्टीसाठी धरलेलं मूल्य ७५,००० पौंड किंवा त्याहून जास्त असेल त्याच इमारतींना लागू. आपलं पाच खोल्यांचं गेस्ट हाउस यात येतच नाही. डोकी मोजायची नाहीत, मुलांची वयं विचारायची नाहीत, नाश्ता वजा करायचा नाही. या यादीत पैकीच्या पैकी गुण द्यावेत अशी हीच एक पद्धत, फक्त तिजोरीत येणारी रक्कम बेताची.

स्पेनच्या बलेआरिक बेटांनी २०१६ मध्ये कर पुन्हा आणला (२००२ चा पहिला प्रयत्न पुढच्याच वर्षी गुंडाळला होता) तेव्हा दोन शहाण्या सवलती ठेवल्या: नोव्हेंबर ते एप्रिल ५० टक्के सूट (२०१८ पासून ७५ टक्के) आणि नवव्या दिवसापासून निम्मा दर. ऐन थंडीत दार उघडं ठेवणाऱ्या छोट्या गेस्ट हाउसला यातली पहिली सवलत जगवते. भूतानने सप्टेंबर २०२२ मध्ये उलटं केलं. आधीच्या रोजच्या किमान पॅकेजमध्ये हॉटेल, गाइड, जेवण यांचे पैसे धरलेले असत आणि सरकारचे ६५ डॉलर त्यातच होते. नव्या नियमात २०० डॉलर फक्त शुल्क, बाकी सगळं वर. वर्षभरात ते १०० वर आणावं लागलं.

पद्धत कोणतीही असो, बुकिंग साइटच्या सेटिंगमध्ये घोळ ठरलेला. सगळ्यात आधी बघा की कर साइट स्वतः गोळा करून भरते की ‘निवासस्थानी भरावा’ असं दाखवते. दोन्हीकडे चालू राहिलं तर पाहुणा दोनदा भरतो, दोन्हीकडे बंद राहिलं तर तुम्ही भरता. एकक तपासा: ‘माणशी, दर रात्री’ऐवजी ‘दर बुकिंग’ निवडलं गेलं की तीन रात्रींच्या दोघांकडून सहाऐवजी एकच रक्कम येते. रात्रींची कमाल मर्यादा टाकायला विसरू नका. आणि कर खोलीच्या भावात मिसळू नका, नाहीतर साइट आपलं १५ टक्के कमिशन करावरही कापते. सेटिंग बदलल्यावर स्वतःच एक खोटं बुकिंग शेवटच्या पानापर्यंत नेऊन बेरीज बघा: दोन मोठे, एक मूल, सहा रात्री. या एका बुकिंगात बहुतेक चुका सापडतात.

कराची रक्कम किती आणि कधी भरायची हे बुकिंगच्या निरोपात वरच्या तीन ओळींत यायला हवं. खाली दडलेला कर पाहुण्याला काउंटरवर कळला, तर ‘छुपे पैसे लावतात’ म्हणून जे दोन तारे मिळतात ते गेस्ट हाउसच्या नावावर चढतात. नगरपालिकेचं पान कोणी उघडत नाही.