आठ महिने स्ट्रायपरचे लूअर: कथील, लाकूड, प्लास्टिक आणि हरणाचे केस

एप्रिलमध्ये पिशवीत स्ट्रायपर माशासाठीचे बावीस लूअर, म्हणजे हुक लावलेली खोटी आमिषं, होते; थँक्सगिव्हिंगनंतर, नोव्हेंबरअखेर, मोजले तर नऊ. तीन लूअर जेटीच्या, म्हणजे समुद्रात गेलेल्या दगडी बांधाच्या, दगडांत अडकून गेले, चार लूअर ब्लूफिश नावाच्या माशाने दोरी कापून नेले (त्याचे दात म्हणजे कात्रीच), आणि सहा मीच वैतागून काढून टाकले. खाली लिहिलंय ते सगळ्यांबद्दल, गेलेल्यांसकट.

मी मूळचा रेवदंड्याचा, आता न्यू जर्सीत एडिसनला. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो तेव्हा गळाला कोळंबी लावायची, एवढंच शास्त्र. इथे किनाऱ्यावर उभं राहून धरायचा मासा म्हणजे स्ट्राइप्ड बास, सगळे त्याला स्ट्रायपर म्हणतात. डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, तोंड मोठं, आपल्या जिताड्यासारखा दबा धरून बसणारा. फक्त जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो, आणि हा समुद्रातून हडसन नदी, चेसापीक उपसागराकडे वर चढतो. दुकानातला प्रत्येक माणूस वेगळाच लूअर हातात देत होता, म्हणून यंदा जुने-नवे सगळे प्रकार वापरून बघायचं ठरवलं. जागा बहुतेक वेळा आयलंड बीच स्टेट पार्क.

एकोणिसाव्या शतकात कटीहंक बेटावरच्या श्रीमंतांच्या क्लबात गळाला लॉबस्टरची शेपटी लावत. तो प्रयोग मी केला नाही, घरातून हाकललं असतं. पुढच्या पिढीचं हत्यार टिन स्क्विड, म्हणजे कथलाची ओतीव पट्टी. कल्हईवाल्याकडे असायचं तेच कथील. मला एक गॅरेज सेलमध्ये तीन डॉलरला मिळाली, पार काळवंडलेली. ओल्या वाळूने घासली तर चांदीसारखी निघाली. कथील मऊ असल्यामुळे बोटांनी जरा वाकवली की पाण्यातली चाल बदलते, आणि समोरून वारा असला तरी सरळ जाते. पण रीळ फिरवताना हात थांबला की थेट तळाला. आठ महिन्यांत दोन मासे.

लाकडी प्लगचं, म्हणजे माशाच्या आकाराच्या लाकडी लूअरचं, वेड मला जूनमध्ये लागलं. हा जमाना १९४० च्या दशकात आला. मॅसॅच्युसेट्समध्ये बॉब पाँड यांचे अ‍ॅटम नावाचे प्लग, केप कॉड कालव्याकाठी स्टॅन गिब्स यांचे प्लग. (पाँड यांनी पुढे याच माशाला वाचवण्यासाठी आयुष्य घातलं.) चांगल्या प्लगमध्ये नाकापासून शेपटीपर्यंत एक अखंड तार असते, लाकूड फुटलं तरी मासा तारेवर राहतो. माझा प्लग धातूच्या ओठाचा, एकाने घरच्या लेथवर केलेला. रात्री शांत पाण्यात अगदी हळू ओढायचा. तो डुलत येतो आणि पाण्यावर इंग्रजी व्हीसारखी रेघ उमटते. चांदण्यात ती रेघ दिसते, मग अचानक दिसत नाही, आणि धुणं धोपटल्यासारखा आवाज होतो. हात त्यानंतर जागा होतो. या आवाजासाठी मी चार रात्री झोप घालवली आणि ऑफिसात डुलक्या काढल्या.

तक्रारीही आहेत. वारा असला की हवेत कोलांट्या खातो, चाळीस पावलांपुढे जात नाही. रंग ऑगस्टपर्यंत दातांनी सोलून निघाला, आत पाणी शिरलं, आणि आता एका बाजूला कलतो.

प्लास्टिकने हेच रडगाणं संपवलं. लाउरी रापाला यांनी १९३६ मध्ये फिनलंडमध्ये हाताने कोरलेला मासोळीचा आकार अमेरिकेत आला, मग साठच्या दशकात रेबेलसारख्या कंपन्यांनी तो पोकळ प्लास्टिकमध्ये काढला. स्पिनिंग रीळ आणि नायलॉनची दोरी आल्यामुळे हलकं आमिषही लांब फेकता येऊ लागलं होतं. १९८२ मध्ये अटलांटिक सिटीच्या जेटीवर वादळी रात्री अल मॅकरेनॉल्ड्स यांनी ७८ पौंड ८ औंसांचा विक्रमी स्ट्रायपर काढला तो रेबेलवरच. तो विक्रम २०११ मध्ये कनेक्टिकटजवळ मोडला, ८१ पौंड १४ औंस, आणि आमिष काय होतं? जिवंत वाम! कारखानदारांची जिरली.

आताच्या जपानी घडणीच्या मिनोत, म्हणजे याच मासोळीच्या आकाराच्या प्लास्टिक लूअरमध्ये, पोटात गोळ्या असतात. फेकताना त्या शेपटीकडे धावतात म्हणून तो बाणासारखा जातो, आणि ओढायला लागलं की पुढे येऊन बसतात. हलवला तर खुळखुळा. लाकडी प्लगच्या दुप्पट अंतर सहज मिळालं. सप्टेंबरभर मी खुशीत शक्य तितका लांब फेकत राहिलो आणि रिकाम्या हाताने परतलो. शेजारी उभे असायचे ते आजोबा तीन दिवस बघत होते, चौथ्या दिवशी त्यांनी काही न बोलता वीस पावलांवरच्या पन्हळीत बकटेल टाकला. लाटा फुटतात तिथून किनाऱ्यापर्यंत वाळूत खोलगट पट्टा असतो, मासे त्यात फिरत होते. मी त्यांच्या डोक्यावरून फेकत होतो.

बकटेल म्हणजे शिशाचं डोकं आणि त्याला बांधलेले हरणाच्या शेपटीचे केस. दिसायला देव्हाऱ्यातल्या कुंच्याइतका साधा, किंमत सहा डॉलर. वर्षातले माझे एकतीस मासे, त्यातले चौदा याच्यावर. मिनोवर नऊ, लाकडावर चार, कथलावर ते दोन. उरलेले दोन रबरी शॅडवर, म्हणजे मऊ रबरी मासोळीवर, ज्याची शेपटी ब्लूफिश पहिल्याच तासाला कुरतडून नेतो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

हुकांबद्दल मात्र लिहायलाच हवं. २०२३ पासून घरी न्यायचा मासा २८ ते ३१ इंचांतलाच, तोही दिवसाला एक. म्हणजे जवळजवळ प्रत्येक मासा सोडायचाच असतो, आणि दोन-तीन ट्रेबल (तीन टोकांचे) हुक लावलेला लूअर माशाच्या तोंडात, कल्ल्यात आणि तुमच्या अंगठ्यातही घुसतो. मी सगळीकडे एकेरी हुक बसवले, टोकाजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून सपाट केले. मासे निसटायचं प्रमाण फारसं वाढलं नाही. फक्त हलक्या हुकांमुळे मिनो जास्त थरथरतो, तेव्हा जरा जाड तारेचे घ्या. एका कंपनीचे मूळ हुक तर महिन्यात गंजले. पेटीवर मात्र खाऱ्या पाण्यासाठी असं ठळक छापलेलं.

नोव्हेंबरात पहाटे ३३ इंची सापडला. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तिथे संध्याकाळ होती. सोडताना तिने बघितलं आणि ओरडलीच, "अरे मेल्या, एवढा जिताडा परत पाण्यात टाकलास?" नियम समजावून सांगितला. "मग तिथे जातोस कशाला थंडीत?" म्हणाली.

नवीन कोणी सुरू करत असेल तर दोन बकटेल, एक मिनो, एक लांब पक्कड. लाकडी प्लग पहिल्या वर्षी नको, जेटीवर तर अजिबात नको. माझा दुसरा तिथेच दगडांत आहे, सदतीस डॉलरचा, ओहोटीला दिसतो पण हात पोचत नाही.