गजकर्ण की नाण्यासारखं इसब?

पावसाळ्यात नाशिकच्या द्राक्षबागांत ओल्या कपड्यांनी राबणाऱ्यांच्या अंगावर गोल चट्टा दिसला की आधी कड बघा. गजकर्णाची कड उठावदार, खवलेदार, बाहेर सरकणारी. मधली त्वचा निवळत आलेली. इसबाचा चट्टा मधोमधही तितकाच लाल, ओलसर, खपली धरलेला, बहुधा हातापायांवर. खाज दोन्हींत, तिच्यावरून काही ठरत नाही.

शंका असेल तर कडेचेच खवले खरवडून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात १०-१५ मिनिटं ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू दिसले की गजकर्ण. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम लावलेलं असेल, तर कडच पुसट होते आणि गजकर्ण चक्क इसब वाटतं. म्हणून लावलेली ट्यूब दाखवायला सांगाच. घरात आणखी कुणाला आहे का, तेही विचारा. इसब लागत नाही, गजकर्ण टॉवेलवरूनही लागतं.