बंद दाराआड, जाहीरपणे की कायद्याने? आपल्या सरकारकडे काय मागावं

हुकूमशाही देशाशी व्यापार करणाऱ्या आपल्या सरकारने तिथल्या मानवी हक्कांविषयी बोलावं, असं निवेदन द्यायचं तुम्ही ठरवलं असेल, तर कोणत्या मार्गाने बोलावं हेही त्यात लिहायला हवं.

बंद दाराआडच्या चर्चेने एखादा माणूस सुटू शकतो. नोबेल विजेते लिऊ शियाओबो २०१७ मध्ये चीनच्या ताब्यात असतानाच वारले. त्यांच्या पत्नी लिऊ शिया कित्येक वर्षं नजरकैदेत होत्या. जर्मनीने गाजावाजा न करता पाठपुरावा केला आणि जुलै २०१८ मध्ये त्या बर्लिनला पोचल्या. पण युरोपीय संघ आणि चीन यांच्यातला मानवी हक्क संवाद १९९५ मध्ये सुरू झाला, आणि तरीही चीनच्या पश्चिमेकडच्या शिनज्यांग प्रांतात उइगुर या मुस्लिम अल्पसंख्याकांसाठी बंदी-छावण्या उभ्या राहिल्याच. कैद्यांची नावं आणि मुदत ठरलेली नसेल, तर बैठक झाली हेच यश म्हणून सांगितलं जातं.

जाहीर निषेधाने निदान कैद्याचं नाव जगाला कळतं. मात्र एकट्या देशाला तो महागात पडतो. २०१८ मध्ये कॅनडाने सौदी अरेबियात अटकेत असलेल्या महिला हक्क कार्यकर्त्या समर बदावी यांच्या सुटकेची उघड मागणी केली. सौदी अरेबियाने राजदूताला घालवलं, नवा व्यापार गोठवला. जवळच्या मित्रदेशांनीही कॅनडाची बाजू ठामपणे घेतली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. संबंध पूर्ववत व्हायला २०२३ उजाडलं.

माझा कौल व्यापारासाठी कायद्यात लिहिलेल्या मानवी हक्कांच्या अटीला आहे. निव्वळ सरकारी आदेश पुरत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी १९९३ मध्ये आदेश काढून चीनच्या व्यापारी सवलती मानवी हक्कांशी जोडल्या आणि पुढच्याच वर्षी स्वतःच तोडल्या. उलट वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेवरचे निर्बंध अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार डावलून कायद्याने लादले. २०२२ पासून लागू असलेल्या अमेरिकी कायद्यात तर शिनज्यांगचा माल सक्तीच्या मजुरीचाच धरला जातो. तसा नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं.

अटीची किंमत मात्र लपवू नये. युरोपीय संघाने २०२० मध्ये कंबोडियाच्या युरोपीय संघाला होणाऱ्या सुमारे एक पंचमांश निर्यातीवरची करसवलत काढली. त्यात काही तयार कपडे आणि पादत्राणंही होती, म्हणजे झळ कारखान्यांतल्या बायकांपर्यंत पोचणारी. राजवट मात्र बधली नाही. २०२३ ची निवडणूक प्रमुख विरोधी पक्षाविनाच झाली. म्हणून सरसकट सवलत काढण्यापेक्षा सक्तीच्या मजुरीचा ठरावीक माल अडवणं मला जास्त न्याय्य वाटतं.

एखाद्या कैद्यासाठी धडपडत असाल, तर बंद दाराआडची चर्चाच मागा, पण त्याच्या नावानिशी आणि तारखेसह. जाहीर निवेदन हवं असेल, तर त्यावर आणखी काही देशांच्या सह्या असाव्यात, असा आग्रह धरा. प्रश्न हजारोंचा असेल, तर खासदाराकडे कायदा मागा, आणि त्यातली अट मागे घेण्याचा अधिकार संसदेकडेच राहील, असं कलम त्यात घालायला सांगा.