स्ट्रीटकम्प्लीट: चार महिने, एक गल्ली आणि दारातल्या पायऱ्या

आई व्हीलचेअरवर आली तेव्हा मला कळलं की आपल्या भागात किती पायऱ्या आहेत. ज्या औषधांच्या दुकानात मी वर्षानुवर्षं जातेय, त्याच्या दाराशी पायरी आहे की नाही, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. नकाशाही सांगत नव्हता. त्यात रस्ता होता, रस्त्याचं नाव होतं, दुकानाचा ठिपका होता. आईला आत नेता येईल का, एवढंच नव्हतं. ते शोधता शोधता स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइडवरचं अ‍ॅप सापडलं. चार महिने जवळजवळ रोज वापरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅपसाठी आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा नकाशा कुणीही वापरावा आणि कुणीही त्यात भर घालावी, असा आहे. भर घालायची तर एरवी त्याचे टॅग, म्हणजे प्रत्येक गोष्टीची माहिती नोंदवायचे ठरावीक शब्द, शिकावे लागतात. मी एकदा बसले होते, जमलं नाही. इथे तसं काही शिकायचं नसतं. जिथे माहिती अपुरी आहे तिथे खुणा दिसतात, खुणेवर बोट ठेवलं की एकच प्रश्न समोर येतो. या रस्त्यावर रात्री दिवे असतात का? बसथांब्याला छप्पर आहे का? बाकाला पाठ आहे का? जिन्याला कठडा आहे का? उत्तर द्यायचं आणि पुढे चालायचं. ते तुमच्या ओपनस्ट्रीटमॅपच्या खात्यातून थेट नकाशात जातं. चुकलं तर मागे घेता येतं. जाहिराती नाहीत, पैसे लागत नाहीत.

मला सर्वांत उपयोगी वाटला तो व्हीलचेअरचा प्रश्न. 'हो', 'नाही' आणि मधलं 'अंशतः'. दारात एकच पायरी असेल आणि ती साधारण सात सेंटिमीटरहून उंच नसेल, तर 'अंशतः' म्हणायचं, ही पद्धत व्हीलमॅप या नकाशाने रूढ केलीय. व्हीलमॅपही ओपनस्ट्रीटमॅपवरच चालतो, त्यामुळे मी इथे दिलेलं उत्तर तिथे हिरव्या, पिवळ्या किंवा लाल रंगात दिसतं. मी घरून निघताना शिवणाची टेप पर्समध्ये टाकायला लागले. औषधांच्या दुकानाची पायरी सोळा सेंटिमीटर निघाली. लाल.

महिनाभर मी एकटीच फिरत होते. मग खालच्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं, रोज संध्याकाळी टेप घेऊन काय मोजतेस? त्यांना दाखवलं. पुढच्या रविवारी आम्ही चौघं निघालो: काका, समोरच्या इमारतीतली दोन कॉलेजची मुलं आणि मी. अ‍ॅपमध्ये गटाने काम करण्याची सोय आहे. आपण किती जण आहोत आणि त्यांतले आपण कितवे, एवढं सांगितलं की प्रश्नांची वाटणी होते आणि दोघांनी एकाच दारापुढे उभं राहायची वेळ येत नाही. दोन तासांत मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजू झाल्या. काकांना एकाच दिव्याखाली पाच-पाच मिनिटं लागायची, कारण वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला ते आपण काय करतोय ते समजावून सांगायचे. त्यातूनच पुढच्या रविवारी आणखी तिघं आली.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगते. २०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून, उपग्रहाची छायाचित्रं पाहून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवर काढले आणि मदत करणाऱ्या पथकांनी तो नकाशा वापरला. ते मोठंच काम होतं. पण वरून रस्ता दिसतो, छप्पर दिसतं. दारातली पायरी दिसत नाही. ती तिथे राहणाऱ्या माणसानेच सांगावी लागते. म्हणून तुम्ही जागेवर नसताना उत्तर देऊ लागलात की हे अ‍ॅप थांबवून विचारतं, तुम्ही स्वतः पाहिलंय का? हे मला फार आवडतं. दुसऱ्या एखाद्या कंपनीच्या नकाशावरून माहिती उतरवायलाही परवानगी नाही आणि ते योग्यच आहे.

आता उणिवा. पहिली आणि मोठी: हे तक्रारीचं अ‍ॅप नाही. फुटलेला दिवा, उघडं गटार, खड्डा यांची नोंद करून ते कुणाकडे पाठवत नाही. नकाशात जे जसं आहे तसं मांडायचं, एवढंच त्याचं काम. पाठपुरावा आपणच करायचा. आम्ही वाचनालयाच्या बाबतीत तो केला. दोन पायऱ्या, बाजूला उतार नाही, अशी नोंद झाल्यावर काका आणि मी नकाशाचं छापील पान घेऊन तिथे गेलो. पायऱ्यांवर टाकायला लाकडी फळी करून देण्याची तयारी आमच्या गटातल्या एका सुताराने दाखवली आणि वाचनालयाने ती ठेवून घेतली. उतार थोडा तीव्र आहे, मागे धरायला माणूस लागतो. म्हणून नकाशात आजही 'अंशतः' असंच आहे.

दुसरी उणीव म्हणजे काही प्रश्न नवख्याला फसवतात. पदपथ आहे का, या प्रश्नाला मी बऱ्याच ठिकाणी 'नाही' म्हटलं. प्रत्यक्षात तो नकाशात वेगळी रेघ काढून आधीच दाखवलेला होता. एका अनोळखी संपादकाने माझ्या बदलाखाली शांतपणे समजावून लिहिलं आणि मी सगळं दुरुस्त केलं. उत्तराची खात्री नसेल तर 'सांगता येत नाही' निवडा किंवा टीप लिहून ठेवा. अंदाजाने काही भरू नका.

तिसरी बाब खासगीपणाची. तुमची प्रत्येक नोंद तुमच्या खात्याच्या नावाने आणि वेळेसकट सगळ्यांना दिसते. तुम्ही कुठे आणि कधी फिरता, हे त्यावरून ओळखता येतं. खातं उघडताना खरं नाव टाकू नका. आमच्या गटातल्या मुलींना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

सुरुवात करताना सेटिंगमध्ये जाऊन नको असलेले प्रश्न बंद करा. इमारतीला किती मजले, छताचा आकार कोणता, हे मी बंद ठेवलंय. दिवे, जिने, पदपथ आणि व्हीलचेअर एवढंच चालू आहे. निघण्याआधी घरूनच तेवढा भाग डाउनलोड करून घ्या, म्हणजे रेंज नसली तरी अडत नाही.

पाचपैकी साडेचार तारे. अर्धा कमी केला, कारण आईला स्वतःला हे अ‍ॅप वापरता येत नाही, अक्षरं आणि खुणा तिच्यासाठी फार बारीक आहेत. ती खुर्चीत बसून दार दिसलं की आकडा सांगते, मी टेप लावते. चौदा म्हणाली तर बहुतेक चौदाच निघतात.